तोंड तिचं, मोबाइल सगळ्यांचे

तिचं तोंड गावभर माहीत होतं; ती मात्र फारशी कुणाला माहीत नव्हती. तोंड म्हणजे कसं, तर डोळे घट्ट मिटलेले, नाक लाल, केस विस्कटलेले आणि जबडा असा वासलेला की पडजीभ दिसावी. ती तेरा वर्षांची असताना शाळेच्या मैदानावर काढलेला तो फोटो. कुणीतरी तो कडेकडेने कापला, त्याचं स्टिकर केलं, आणि तेव्हापासून ते या मोबाइलातून त्या मोबाइलात मोकाट हिंडत होतं. दूध नासलं, पाठव ते तोंड. मॅच हरली, पाठव. सुट्टी संपली, पाठव. 'कुणीतरी' म्हणायचं ते उगाच. ही कलाकुसर तिच्या सख्ख्या मामाची होती आणि त्याला तिचा केवढा अभिमान.

तिला नाव पडलं भोकाड. भोकाड पसरलेली मुलगी म्हणून भोकाड. शाळेत भोकाड, कोर्सला भोकाड, आणि पाण्याचे फिल्टर बसवणाऱ्या दुकानात ती कामाला लागली तेव्हा मालकानेही पहिल्याच दिवशी तोंडभर हसून विचारलं, "अरे, तू तीच ना?" तिने मान डोलावली. नाही म्हणून सांगणार कुणाला? अख्खं तोंडच पुरावा म्हणून गळ्यात घालून फिरत होती बिचारी. बिचारी म्हटलं खरं, पण तिच्यासमोर तसं म्हणायची सोय नव्हती. पाना हातात असला तर नाहीच.

मनावर घ्यायचं नाही, हे तिने फार लवकर ठरवून टाकलं होतं. लोक हसले की तीही ओठ मिटून हसायची. फक्त फोटोत तोंड उघडायची नाही, कधीही नाही. भावाच्या लग्नातल्या सगळ्या फोटोंत ती दाढ दुखत असल्यासारखी उभी आहे. आणि त्या फोटोच्या दिवसानंतर ती चारचौघांत कधी रडली नाही. डोळे भरून आले की मोरीत जायची, नळ मोठा सोडायची आणि तोंड धुऊन बाहेर यायची. आईला वाटायचं, पोरीला स्वच्छतेची भारी आवड.

कामात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती राहायची त्या वसाहतीतल्या तिन्ही इमारतींचे फिल्टर तिच्याकडे होते. ती दार वाजवायची, चपला बाहेर काढायची, ओट्याखाली उकिडवी बसून आधी कॉक बंद करायची, मग मोठ्या गोल पान्याने फिल्टरचं भांडं फिरवून आतली जुनी, पाणी गाळणारी कांडी बाहेर काढायची. पांढरी म्हणून घातलेली कांडी तपकिरी होऊन निघायची, वर शेवाळाचा बुळबुळीत थर. घरातली माणसं दर वेळी तितक्याच भाबडेपणाने किंचाळायची, "अगं बाई, हे आम्ही पीत होतो?" ती म्हणायची, "हे इथे अडकलं, म्हणून पीत नव्हतात." मग नवी कांडी, रबरी कडं, पुन्हा कॉक चालू. आणि पहिलं पाणी प्यायचं नसतं, सोडून द्यायचं असतं. तेवढा वेळ ती आणि घरवाले गळणाऱ्या नळाकडे बघत उभे राहायचे. बोलायला काही नसलं की तो वेळ फार लांब वाटतो.

गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एक खोली होती. टाकीवरचा मोठा फिल्टर साफ करायला तिच्याकडे किल्ली असायची. खोलीत वसाहतीने टाकून दिलेला एक सोफा होता, एका पायाने अधू झालेलं टेबल-टेनिसचं टेबल होतं, आणि एक मोठी खिडकी. ती काम करत असताना एक-दोन पोरं वर यायला लागली, मग आणखी आली, मग खोली त्यांचीच झाली. तिथे मोबाइल बघत नसत असं मी म्हणणार नाही, उगाच कुणाला देव्हाऱ्यात कशाला बसवा. बघायची. पण एकाच्या मोबाइलात चौघं डोकं घालून बघायची आणि मग भांडायची. खाली घरात प्रत्येक जण आपापल्या खोलीत, आपापल्या अंधारात बघतो, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, हे कळायला फार शिकावं लागत नाही.

त्या पोरांत एक होती मनी. चौथ्या मजल्यावरची, सोळा वर्षांची. मांजरासारखी पाय न वाजवता यायची म्हणून मनी. तिच्या वर्गातल्या मुलींनी एक ग्रुप काढला होता, ज्यात वर्गातल्या सगळ्या मुली होत्या आणि ती नव्हती, कारण तो ग्रुप तिच्यावरच होता. तिच्या चालण्याचे, खाण्याचे, फळ्यासमोर अडखळण्याचे व्हिडिओ तिथे पडायचे. तिला ते कळलं आणि तिने शाळा सोडली. वर्षभर ती खोलीचं दार लावून बसली. त्या घरी फिल्टर बदलायला गेलेल्या भोकाडने एकदा दारावर टकटक केली आणि म्हणाली, "जरा गच्चीवर टॉर्च धरायला येतेस? मला दोनच हात आहेत." का कुणास ठाऊक, मनी आली. टॉर्च धरला. दुसऱ्या दिवशी टॉर्च नव्हता तरी आली. घरी मात्र तिने सांगितलं, मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. तिच्या बाबांना इतकं बरं वाटलं की त्यांनी पुढे काही विचारलंच नाही.

आता वसाहतीच्या अध्यक्षकाकांकडे वळू. माणूस वाईट नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून जिन्यातले दिवे बंद करणारा माणूस वाईट कसा असेल? पण त्यांना वसाहत म्हणजे कपाट वाटायची. सगळं घडी घालून ठेवलेलं हवं. सभांना लोक येत नाहीत म्हणून त्यांनी एक शिरस्ता पाडला होता. प्रस्ताव वसाहतीच्या ग्रुपवर टाकायचा. होकार असेल तर अंगठा, नकार असेल तर रडका चेहरा. गप्प बसेल तो होकारात. मग रविवारच्या सभेत नुसतं शिक्कामोर्तब.

एका सकाळी त्यांनी टाकलं: 'गच्चीवरील खोलीत मुले तासन्‌तास मोबाइल पाहत बसतात असे निदर्शनास आले आहे. त्यांच्या हितासाठी खोलीस कुलूप लावून तेथे जादा खुर्च्या ठेवण्यात येतील. होकारासाठी अंगठा, नकारासाठी रडका चेहरा.'

म्हणजे मुलं मोबाइल बघतात म्हणून त्यांना एकत्र बसायची जागा काढून घ्यायची, म्हणजे ती घरी जाऊन मोबाइल बघतील. याला हित म्हणतात.

भोकाडने दुपारी जेवणाच्या सुट्टीत, एका घराच्या जिन्यात बसून उत्तर लिहिलं. आयुष्यात एवढं लांब तिने कधी लिहिलं नव्हतं. खोलीत काय चालतं ते लिहिलं. कुणाचं नाव न घेता लिहिलं की तिथे यायला लागल्यापासून काही जण जेवायला लागलेत, हसायला लागलेत. आम्ही टेबल दुरुस्त करू, झाडलोट करू, वेळ तुम्ही ठरवा. आणि आमच्याबद्दल काही ठरवायचं असेल तर समितीत आमच्यातलं एक माणूस घ्या. तीनदा वाचून तिने पाठवलं.

पहिलं उत्तर आलं ते तिचंच तोंड. पाठोपाठ दुसरं. मग रांगच लागली. अख्खा ग्रुप तिच्या वासलेल्या जबड्याने भरून गेला; वर सरकवत जावं तरी तोंडच तोंड. कुणी खाली लिहिलं, 'भोकाड परत सुरू!' कुणी हसून लोळण घेतली. तिचं लिहिलेलं कुठल्या कुठे वर गेलं, कुणी वाचलं असेल तर शपथ. संध्याकाळी अध्यक्षकाकांनी लिहिलं, 'सर्वांच्या हसतमुख प्रतिसादाबद्दल आभार. गंभीर हरकत आलेली नाही. रविवारी शिक्कामोर्तब.'

तिला राग आला का? आला, पण सवयीने तिने तो गिळला. गच्चीवर गेली तेव्हा सोफ्याच्या टोकाला मनी बसली होती, मोबाइल मांडीवर पालथा घालून.

"ताई," मनी म्हणाली, "मी पण लिहिणार होते. लिहून ठेवलं होतं."

"मग?"

"पुसून टाकलं. तू मोठी आहेस, कमावतेस, कुणाला घाबरत नाहीस. तुझं असं केलं, तर माझं काय करतील? मी आता कधीच कुठे काही लिहिणार नाही."

हे ती रडत म्हणाली असती तर भोकाडने तिची समजूत घातली असती. पण ती अगदी शांतपणे म्हणाली, दुकान बंद करताना माणूस शटर ओढतो तसं. आपण मनावर घेतलं नाही, घेतलं नाही म्हणत सात वर्षं जे गिळलं, ते आता या पोरीच्या ताटात वाढलं जात होतं. भोकाड तशीच खाली उतरली आणि घरी गेली.

मामा टीव्हीसमोर होता. मामा शाळेची बस चालवतो. त्याच्याच घरात ती आणि आई राहायच्या. माणूस लोण्याहून मऊ. बसमधली पोरं त्याच्या अंगाखांद्यावर चढतात. तिने टीव्ही बंद केला.

"मामा, ते स्टिकर काढून टाक."

"का गं? कुणी काही बोललं?" मामा हसला. "अगं, त्या तोंडाने किती जणांना हसवलंय! परवा आमच्या डेपोत एक जण म्हणाला, हे तुम्ही केलंत? म्हटलं, भाचीच आहे माझी."

"त्या दिवशी मी काय ओरडत होते, आठवतंय?"

"रडत होतीस. रिलेची शर्यत हरलात म्हणून."

"हरलो नव्हतो. पहिले आलो होतो. पंचांनी बाद केलं. म्हणाले, बॅटन रेषेबाहेर दिला. मी सांगत होते, आतच दिला. पंच ऐकेनात, बाई ऐकेनात, कुणीच ऐकेना. मग तू दिसलास. म्हटलं, मामा आहे, मामा ऐकेल. मी तुझ्याकडे बघून ओरडत होते, मामा, मी रेषेच्या आत होते, तू त्यांना सांग. आणि तू खिशातून मोबाइल काढलास."

मामाच्या तोंडावरचं हसू कुठे ठेवावं ते त्याला कळेना. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिला म्हणायचं होतं, जाऊ दे ना आता, जुनं झालं. पण पोरीकडे बघून तिने तेवढं आतल्या आत ठेवलं.

मामा बराच वेळ मोबाइलशी झटत होता. मग म्हणाला, "माझ्याकडचं काढलं. मूळ फोटोही काढला. पण माझ्या एकट्याने काढून काय होतंय गं? ते आता सगळ्यांकडे आहे."

"मग सगळ्यांकडे जाते," भोकाड म्हणाली.

आणि गेली. मामाला वाटलं होतं बोलण्यापुरतं असेल. पण तिला कुणाच्या घरी शिरायला निमित्त शोधावं लागत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती ज्या घरी गेली तिथे कांडी बदलली, कॉक चालू केला, आणि पहिलं पाणी सोडून द्यायचा तो लांबलचक वेळ आला की उठून हात पुसत म्हणायची, "पाणी येईपर्यंत मोबाइल आणा. माझं तोंड आहे त्यात. ते काढायचंय."

काय काय नाही ऐकलं तिने! तळमजल्यावरची शिलाईवाली ओशाळून म्हणाली, "अगं, मी तर रोज पाठवते, तू आहेस हे डोक्यातच नव्हतं," आणि तिने तिथल्या तिथे काढलं. दुसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक म्हणाले, "विनोदबुद्धी हवी माणसाला." ती म्हणाली, "आहे की. तुमचा असाच एक फोटो द्या, मी हसून दाखवते." प्राध्यापकांनी काढलं, पण बायकोने डोळे वटारल्यावर. व्यायामशाळेच्या मालकाने सरळ सुनावलं, "माझ्या मोबाइलात काय ठेवायचं ते तू मला सांगणार?" ती म्हणाली, "मोबाइल तुमचा. तोंड माझं." त्याने दार दाखवलं. तिने तरीही रबरी कडं नीट बसलंय की नाही ते बोट फिरवून पाहिलं आणि मगच निघाली. भांडण भांडणाच्या जागी; गळकं काम तिला खपत नसे.

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई एकट्या राहायच्या. त्या मोबाइल छातीशी धरून बसल्या. "हे नको गं काढायला लावू. परदेशातल्या मुलाला मी सतरा निरोप पाठवले तरी तो बघत नाही. हे तोंड पाठवलं की लगेच फोन करतो, म्हणतो, आई, काय झालं?"

एवढ्या घरांत या एकाच मोबाइलात भोकाडचं तोंड खरंखुरं रडत होतं. मग ती म्हणाली, "बाई, तुमचंच काढू या ना. आई तुम्ही आहात, मी थोडीच?" नर्सबाईंनी नाही नाही म्हणत चष्मा काढला, केस मागे घेतले आणि कवळी दिसेपर्यंत असं काही तोंड वासलं की भोकाडला ओट्याला धरून हसावं लागलं. दात दाखवून. फोटो निघाला, गेला, आणि नळाचं पाणी पुरतं यायच्या आत परदेशातून फोन आला.

सगळीकडे असं गोड नव्हतं. दुकानाच्या मालकाचा फोन आला, "मी तुला फिल्टर साफ करायला पाठवतो की लोकांचे मोबाइल? दोन घरांतून तक्रार आलीये." आई म्हणाली, "लोकांशी वैर घेऊन कामं मिळतात का गं?" तिने दोघांनाही एकच सांगितलं, "काम चुकलं असेल तर सांगा." ते काही कुणाला सांगता आलं नाही.

रविवारी सकाळी खालचं सभागृह भरलं. एरवी रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलणाऱ्या अध्यक्षकाकांना घाम फुटला. मामा पहिल्या रांगेत आईशेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून. पोरं भिंतीला टेकून उभी. मनी अगदी शेवटच्या खुर्चीवर, आणि तिचे बाबा तिच्यापासून दूर, पुढे, मोठ्या माणसांत.

अध्यक्षांनी प्रस्ताव वाचला आणि शिक्कामोर्तब म्हणायला तोंड उघडलं, तोच भिंतीपाशी उभा असलेला एक पोरगा पुढे झाला. हा कायदा शिकत होता, म्हणून त्याला वकील म्हणायचे.

"काका, तुमचा नियम असा, की रडका चेहरा म्हणजे नकार. बरोबर?"

"बरोबर."

"मग प्रस्तावाखाली बघा. भोकाडचं तोंड रडकं आहे की नाही?"

सभागृहात असा हशा फुटला की खुर्च्या हलल्या. खरंच की! थट्टा करायच्या नादात निम्म्याहून जास्त वसाहतीने कुलपाच्या विरोधात मत दिलं होतं, तेही स्वतःच्या बोटाने. अध्यक्षकाकाही शेवटी हसले, कपाळ पुसत म्हणाले, "नियम तो नियम. प्रस्ताव पडला. भोकाडने रडून खोली वाचवली म्हणायची!" टाळ्या पडल्या. वकिलाने तिला डोळा मारला. मागे मनी हातावर हात आपटत होती.

आता तिने काय करायला हवं होतं? काही नाही. ओठ मिटून हसायचं, जसं इतकी वर्षं हसली तसं. खोली मिळालीच होती. मला विचाराल तर मीही गपचूप टाळ्या घेऊन घरी गेलो असतो.

"थांबा," ती म्हणाली. "हे मला नको."

वकिलाने तिची बाही ओढली. "वेडी आहेस का? जिंकलोय आपण!"

"तू जिंकलास. मी नाही." ती पुढे गेली. आवाज मोठा होता. "मी जे लिहिलं ते तुमच्यातल्या एकानेही वाचलं नाही. त्यावर माझं तोंड मारलं आणि हसलात. आज त्याच तोंडाने आम्हाला खोली देताय, तेही हसत. उद्या यांच्यातल्या कुणी काही म्हटलं की पुन्हा तोंड मारणार. ती मतं पुसा. मी काय लिहिलं होतं ते आत्ता वाचते. ऐका, आणि मग हात वर करून सांगा. नाही म्हणायचं तर माझ्याकडे बघून नाही म्हणा."

तिने सगळं वाचलं. कुणी हसलं नाही, खोकलंसुद्धा नाही. मग अध्यक्षांनी हात मागितले, घरटी एक. खोली राहावी म्हणून मामाने समोरून बस येत असल्यासारखा हात ताठ वर केला. शिलाईवालीने केला, प्राध्यापकांनीही केला. पण ज्यांना तिने स्वयंपाकघरात गाठलं होतं त्यांतल्या कित्येकांना ते झोंबलं होतं, त्यांनी हात खालीच ठेवले; व्यायामशाळेवाला तर अस्तन्या सरसावूनच बसला होता. आणि मनीच्या बाबांनी कुलपाच्या बाजूने हात वर केला. पोरांचं भलंच करतोय अशा चेहऱ्याने.

पोरं थोडक्यात हरली. दोन-चार हातांनी.

"मिळालेलं घालवलंस," वकील तिच्या कानाशी म्हणाला. तिची मान ताठ होती, पण मनीकडे बघायची तिला हिंमत होईना. लोक खुर्च्या सरकवून उठायला लागले.

तेवढ्यात सगळ्यांच्या खिशांत, पिशव्यांत, हातांत एकदम मोबाइल वाजले. वसाहतीच्या ग्रुपवर काहीतरी आलं होतं. माणसं उभ्या उभ्या वाचायला लागली.

'मी मनी. चौथा मजला. मला हरकत आहे. मी वर्षभर खोलीत बसून मोबाइल बघत होते तेव्हा माझ्या हितासाठी कुणी सभा घेतली नाही. आता मी गच्चीवर जाते तर कुलूप. बाबा, मी मैत्रिणीकडे जात नाही. मला मैत्रीण नव्हतीच. मी त्या खोलीत जाते. कुलूप लावलंत तर कुलपासमोर बसेन, रोज. आणि माझं तोंड कुणाला कापून घ्यायचं असेल तर मी इथेच बसलेय, शेवटची खुर्ची. या आणि घ्या.'

सगळ्या माना मागे वळल्या. मनी बसली होती, लालबुंद, दोन्ही हातांत मोबाइल, आणि खाली बघत नव्हती. भोकाडने ग्रुपकडे पाहिलं. आता येईल, पहिलं तोंड येईल, असं तिच्या मनात येत होतं. काही आलं नाही. पडदा तसाच राहिला, त्यावर मनीचं तेवढंच लिहिलेलं, आणि खाली कोरं.

मनीचे बाबा चष्मा पुसून पुन्हा वाचत होते. मग घसा साफ करून म्हणाले, "अध्यक्ष, माझं मत मागे घेतो."

"अहो, पण मतदान झालं. असं परत परत—"

"मग आम्हीही उठत नाही," भोकाड म्हणाली आणि तिथेच फरशीवर बसली. वकील बसला. भिंतीशी टेकलेली पोरं बसली. मागून नर्सबाईंचा आवाज आला, "घ्या हो परत. तुम्हाला कुठे गाडी गाठायचीय?"

परत हात घेतले. आता मनीचे बाबा सगळ्यांत आधी होते, आणि त्यांच्याकडे बघून आणखी दोघा-तिघांचे हात निघाले. कुलपाचा प्रस्ताव पडला. समितीतल्या जागेचं पुढच्या सभेत बघू, असं अध्यक्षकाका पुटपुटले, आणि सगळ्या पोरांनी एका सुरात "लिहून ठेवा" म्हटल्यावर त्यांनी लिहूनही ठेवलं.

जाता जाता ते मनीच्या खुर्चीपाशी थांबले. माणूस वाईट नाही, मी आधीच सांगितलंय. तिच्या डोक्यावर हात ठेवून मायेने म्हणाले, "छान लिहिलंस हो बाळ. फक्त पुढच्या वेळी जरा सौम्य शब्दांत लिहीत जा."

मनीने त्यांच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून अंगठ्यांनी काहीतरी लिहिलं. अध्यक्षकाकांच्या हातातला मोबाइल वाजला, मामाचा वाजला, आईचा वाजला, दारापर्यंत पोचलेल्या व्यायामशाळेवाल्याचा वाजला.

'नाही,' एवढंच होतं त्यात.